धाकट्या भावासाठी हक्क सोडायचा आहे: ‘रिनन्सिएशन’वर सही करण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे आणि प्रश्न विचारणारी लग्न झालेली मुलगी. थोरला भाऊ इंग्लंडात, पोर्तुगीज पासपोर्टवर. धाकटा फोंड्याकडच्या घरी आईजवळ राहतो, कुळागर, म्हणजे पोफळीची बागही, तोच बघतो. ताईंना आपला हिस्सा धाकट्याला द्यायचा आहे. ओळखीच्या एका मुंबईच्या वकिलांनी इंग्रजी मसुदा पाठवला, त्याचं शीर्षक ‘रिनन्सिएशन’. हिंदी शब्दकोश उघडला तर त्याग, परित्याग, संन्यास असे अर्थ सापडले. थोरल्याच्या पासपोर्टच्या भानगडीतही हाच शब्द कानावर आला होता. म्हणून त्या विचारतात: हे सगळं एकच का, सहीनंतर नेमकं काय जातं, आणि माहेर तुटतं का?

माहेर तुटत नाही, एवढं आधी सांगून टाकते. तुम्ही मुलगी राहता, बहीण राहता, देवघरातल्या पूजेला आणि जत्रेला हक्काने जाता. अडचण दुसरीच आहे. या कागदाने तुमचा हिस्सा धाकट्याला मिळणार नाही. त्यातला निम्मा थोरल्याकडे जाईल.

आधी गोव्याचा हिशेब पाहू, कारण मुंबईच्या मसुद्याची गफलत तिथेच आहे. पोर्तुगिजांची १८६७ची दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने ती चालू ठेवली. वारसा, नोटरी आणि इन्व्हेन्टरीचा (कोर्टातून वारशाची यादी व वाटप करण्याचा) भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. तो विधानसभेत २०१२ साली मांडला गेला आणि २२ डिसेंबर २०१६ पासून अंमलात आला. भाषा बदलली, गाभा तोच राहिला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तो सारखाच लागू होतो, आणि मुलगा-मुलगी यांत फरक करत नाही. ‘पोरींना भाटात (बागायतीत) वाटा नसतो’ असं सत्तरी किंवा पेडणे तालुक्यात अजूनही कोणी म्हणत असेल, तर ती रीत झाली, कायदा नव्हे.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि निम्मी-निम्मी दोघांची असते. म्हणून वडिलांच्या पश्चात अर्धं आईचंच. इथे सगळे तिला ‘हाफ शेअरर’ म्हणतात. ते अर्धं तिला वारसाने मिळत नाही, ते आधीपासून तिचं होतं. उरलेलं अर्धं तीन मुलांत वाटायचं, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. तुमच्या लग्नालाही हाच नियम लागू असेल, तर तुमच्या षष्ठांशात तुमच्या यजमानांचा निम्मा वाटा आला. म्हणून गोव्यात बहिणीच्या सहीबरोबर भावोजींची सही लागते. ‘ते कशाला, ते तर परके’ म्हणून कोणी टाळू पाहील, तर तिथेच थांबा. त्यांच्या संमतीशिवाय केलेला दस्त उद्या भावांच्याच मुळावर येतो. लग्न गोव्याबाहेर, सावंतवाडीला किंवा बेळगावला नोंदलं गेलं असेल, तर नवऱ्याचा वाटा कसा धरायचा हे वेगळं तपासावं लागेल. ते वकिलाला विचारून घ्या.

आता तुम्ही वारसा सोडलात असं धरा. कायदा मानतो की या वारशापुरत्या तुम्ही नव्हतातच. मग वडिलांचं अर्धं दोघा भावांत वाटलं जातं, प्रत्येकी एक चतुर्थांश. धाकट्याचा हिस्सा षष्ठांशावरून चतुर्थांशावर गेला, इंग्लंडातल्या थोरल्याचाही तितकाच. तुमच्या मनात थोरल्याला काही द्यायचं नव्हतं, पण मिळालं. मसुद्यात ‘धाकट्या भावाच्या नावे’ असं लिहिलं आहे म्हणून हे टळत नाही. गोव्यात हक्कत्याग फुकट आणि सगळ्या सहवारसांसाठी असावा लागतो. एकाचं नाव घालून केलेला कागद म्हणजे तुम्ही आधी वारसा स्वीकारला आणि मग एकाला दिला. त्याला बक्षीसपत्र म्हणायचं. बदल्यात पैसे घेतले तर विक्री.

मुंबईच्या वकिलांनी असं का लिहिलं, तेही समजून घ्या. त्यांना नावं ठेवायची नाहीत. महाराष्ट्रात हक्कसोडपत्राने एक हिस्सेदार दुसऱ्या एकाच हिस्सेदाराच्या नावे हक्क सोडतो, ते नोंदवतात, सातबाऱ्यावरून नाव जातं. तिथली ही रोजची वहिवाट आहे. तोच साचा गोव्याच्या मालमत्तेवर बसवला की बिघडतो. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये जोसे पावलो कुतिन्हो खटल्यात स्पष्ट केलं आहे. तेव्हा वडिलांचा दादरला एखादा फ्लॅट असला तरी तोच हिशेब.

मसुद्यातल्या आणखी दोन ओळींवर मी लाल रेघ मारली आहे. पहिली: ‘वडिलांच्या तसेच आईच्या, आजच्या व भावी सर्व मालमत्तेवरील हक्क’. आई हयात आहे. जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही आणि विकताही येत नाही. उर्वरित भारतातही संभाव्य वारसाचा नुसता संभव हस्तांतरित होत नाही, हे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. गोव्यात याचा खरा उपयोग लग्नघरांत होतो. मुलीला सोनं घातलं, लग्न थाटात केलं, आणि मांडव उतरायच्या आत एका कागदावर सही घेतली: ‘मला माझा वाटा पोचला, पुढे काही मागणार नाही.’ असे कागद कपाटांतून जपून ठेवलेले असतात. वडील हयात असताना घेतलेल्या त्या कागदाला हक्कत्याग म्हणून काहीही किंमत नाही. कोणी तुमच्यासमोर तो नाचवला तर घाबरू नका.

दुसरी ओळ: ‘घर वगळून कुळागरावरील हक्क’. असं तुकड्यातुकड्यांनी सोडता येत नाही. सोडलं तर सगळं, ठेवलं तर सगळं. ‘भाऊ आईला सांभाळेल तोवर’ अशी अटही घालता येत नाही आणि मुदतही नाही. एकदा दस्त झाला की मागे फिरता येत नाही. फसवून किंवा दमदाटीने सही घेतली हे कोर्टात सिद्ध केलंत तर गोष्ट वेगळी, पण ती वाट लांबची आणि खर्चाची आहे. कर्जदाराने देणी बुडवायला वारसा सोडला तर त्याचे सावकार कोर्टाच्या परवानगीने त्याच्या जागी उभे राहू शकतात. तुम्हाला त्याच्याशी घेणं नाही, पण तुमच्या धाकट्या दिरांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज असेल तर त्यांना ऐकवा.

आईच्या अर्ध्या भागाबद्दलही एक चूक सर्रास होते. ‘आईनेही हक्क सोडला’ असं त्याच दस्तात घुसवतात. तिचं अर्धं वारशाचं नव्हेच, मग ती सोडणार काय? तिला ते धाकट्याला द्यायचं असेल तर वेगळा दस्त करावा लागेल. त्यातही मुलांचा राखीव हिस्सा मध्ये येतो. मुलं असताना आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाची विल्हेवाट मनाप्रमाणे लावता येते. मुलाला विकायचं म्हटलं तरी बाकीच्या मुलांची संमती लागते. ‘आई माझ्या नावावर करून देईल’ असं म्हणणाऱ्या भावांना हे क्वचितच माहीत असतं.

प्रत्यक्षात काम कसं होतं ते सांगते, म्हणजे ऑफिसात गोंधळायला होणार नाही. हक्कत्यागाचा दस्त सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात विशेष नोटरीपुढे होतो. त्याच्यापाठोपाठ वारसा दस्त, ज्यात मेलेल्या माणसाचे वारस कोण हे घरातल्या जाणत्याने सांगायचं आणि साक्षीदारांनी दुजोरा द्यायचा. मग पेपरात नोटीस. नवप्रभा, तरुण भारत, गोमन्तक यांतल्या कोणत्याही पेपराचं आतलं पान काढा, ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी निधन पावले, मागे पत्नी हाफ शेअरर आणि अमुक-तमुक हे एकमेव व सार्वत्रिक वारस’ असा मजकूर बारीक अक्षरांत सापडेल. त्यात ‘हक्क सोडलेल्या’ म्हणून मुलींची नावं ओळीने असतात, पाठीमागे त्यांच्या नवऱ्यांची. पुढे तो दस्त मामलेदाराकडे नेऊन एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) नाव फिरवायचं. वाटपात भांडण असेल, वा कोणी वारस सापडत नसेल, तर दिवाणी कोर्टात इन्व्हेन्टरी लावावी लागते. तिथे वारसांपुरती बोली लागते आणि जास्त बोलेल त्याला ती वस्तू जाते. माझ्या मते बऱ्याच बहिणींनी इन्व्हेन्टरीचीच वाट धरायला हवी होती. हक्कत्यागाचा दस्त स्वस्त आणि झटपट असतो, म्हणून भावांना तो आवडतो.

आता शब्दाकडे. इंग्रजीत ‘रिनाउन्स’ म्हणजे जे आपलं आहे ते जाहीरपणे आणि कायमचं सोडणं. दावा, पद, नागरिकत्व, धर्म, हिंसा, संसार, सगळ्यांबरोबर तो शब्द चालतो. आपल्याकडच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला नाकारण्याचा जो प्रश्न विचारतात, त्यातलं इंग्रजी क्रियापद हेच. ‘डिनाउन्स’शी घोटाळा करू नका, तो जाहीर निषेध. हिंदीत मात्र शब्द वाटले गेले आहेत. नागरिकता किंवा हिंसा यांचा त्याग वा परित्याग, मालमत्तेसाठी हक त्याग. संसार सोडला तर संन्यास. पण हिंदी पेपर ‘क्रिकेट से संन्यास’ही लिहितात, जिथे आपण निवृत्ती म्हणतो. नोकरी सोडायची तर हिंदीत त्यागपत्र, आपल्याकडे राजीनामा, आणि हिंदी कोर्टात ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोड! त्यामुळे हिंदी कोश घेऊन कायद्याचा मसुदा वाचणं धोक्याचं. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन संन्यास आणि त्याग यांतला फरक विचारतो. तिथे काम्य कर्मं टाकणं हा संन्यास आणि कर्माचं फळ सोडणं हा त्याग. इंग्रजीत दोन्हींना बहुतेक वेळा हाच एक शब्द लावतात. तुमच्या कागदात यांपैकी काहीच नाही. एका मृत माणसाच्या वारशाचा हक्क, इतकीच त्याची व्याप्ती.

संन्यासाचा मालमत्तेशी संबंध अजिबात नाही असंही नाही. जुन्या हिंदू कायद्यात विधिवत संन्यास घेतलेला माणूस संसाराच्या दृष्टीने मेलेलाच मानला जाई आणि त्याचा घरच्या वारशावरचा हक्क संपे. पण भगवं नेसलं म्हणून हे होत नाही, विधी झाल्याचा पुरावा लागतो, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. ख्रिस्ती धर्मगुरू आणि नन यांच्या बाबतीत असाच वाद प्राप्तिकरावरून गेला: दारिद्र्याचं व्रत घेतलं, पगार मठाला जातो, मग कर का कापायचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं. पगार त्यांच्या नावे येतो तर कर कापला जाणारच. व्रत खरं असेल, पण प्राप्तिकर खात्यापुढे ते चालत नाही.

कंपन्यांच्या हक्कभाग विक्रीतही हाच शब्द आहे. तुम्हाला देऊ केलेले नवे शेअर नको असतील तर तो हक्क दुसऱ्या कोणाच्याही नावे ‘रिनाउन्स’ करता येतो, आता तर शेअरबाजारात पैसे घेऊन विकताही येतो. म्हणजे गोव्याच्या वारशाच्या नेमकं उलट. तुमच्या मसुद्यात ‘च्या नावे’ हे शब्द अशा व्यवहारांच्या सवयीने आले असतील तर नवल नाही.

थोरल्या भावाच्या कागदाचा विषय वेगळ्याच कायद्यातला, म्हणजे १९५५च्या नागरिकत्व कायद्यातला. त्याच्या कलम ८ मध्ये सज्ञान नागरिक स्वतः घोषणा करून नागरिकत्व सोडतो, ती नोंदली जाते. खरं ‘रिनन्सिएशन’ ते. कलम ९ वेगळं: आपखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, घोषणा करा वा न करा. पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्या गोवेकरांचं बहुतेक वेळा हेच होतं. मग भारतीय पासपोर्ट जमा करून ‘सरेंडर सर्टिफिकेट’ घ्यायचं, आणि त्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड. ज्यांनी लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज झाल्यावरही भारतीय पासपोर्ट वापरला, त्यांचे पासपोर्ट नोव्हेंबर २०२२च्या आदेशानंतर रद्द होऊ लागले, सरेंडर सर्टिफिकेट मिळेना आणि ओसीआयही अडकलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं सांगितलं तेव्हा कुठे बार्देस-सासष्टीच्या घरांतली चिंता जरा हलकी झाली. भावाच्या हाती यांपैकी कोणता कागद आहे ते बघा. तिन्हींना लोक एकच नाव देतात.

गोव्यात नागरिकत्वाचा हा प्रश्न एकदा सगळ्यांसमोर आला होता. १९६२ मध्ये केंद्राने गोवा, दमण व दीव यांसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला: २० डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा इथे जन्मले, ते भारतीय. ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवावं. बहुतेक गप्प राहिले आणि भारतीय झाले. रेमेदियुश मोंतेरो या धर्मगुरूंनी मात्र तशी लेखी घोषणा केली, पोर्तुगीज राहिले, पण गोवा सोडला नाही. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायला त्यांनी नकार दिला, खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम ठेवली. नागरिकत्व आणि जन्मभूमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तुरुंगात जाऊन कळलं असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही. त्यांना ते आधीच ठाऊक असावं.

तुमच्या घरात यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: भावाने नागरिकत्व सोडलं म्हणून त्याचा वारसा गेला नाही. धाकटा तसं म्हणत असेल, तर ते चूक आहे. परदेशी नागरिकालाही वारशाने भारतातली मालमत्ता मिळते. थोरला आजही वडिलांच्या अर्ध्यातल्या षष्ठांशाचा नव्हे, तर संपूर्ण मालमत्तेच्या षष्ठांशाचा धनी आहे, तुमच्याइतकाच.

आता तुम्ही काय करायचं. थोरल्याला आधी फोन करा. त्यालाही हिस्सा नको असेल तर मार्ग सोपा आहे: तुम्ही दोघांनीही हक्कत्याग करायचा. मग वडिलांच्या अर्ध्याचा धाकटा एकटाच वारस उरतो आणि तुमच्या मनासारखं होतं. त्याला सोडायचं नसेल, तर हक्कत्याग करू नका. वारसा दस्तात तिघांची नावं येऊ द्या आणि मग तुमचा षष्ठांश बक्षीसपत्राने धाकट्याला द्या, म्हणजे त्याच्याकडे एक तृतीयांश होईल. भावा-बहिणीतल्या बक्षिसावर घेणाऱ्याला प्राप्तिकर पडत नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च मात्र येतो, तो कोणी भरायचा हे आधीच ठरवा.

थोरल्याने कुलमुखत्यारपत्र पाठवायचं ठरवलं तर त्यात ‘वडिलांच्या वारशाचा हक्क सोडण्याचा अधिकार’ असं नाव घेऊन लिहिलेलं असावं. ‘माझी सर्व कामं’ एवढ्यावर सब-रजिस्ट्रार थांबवतो आणि ते बरोबरच आहे. लग्न झालेलं असेल तर वहिनीचंही लागेल. ते तिकडच्या भारतीय उच्चायुक्तालयात करून पाठवावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. ही मुदत चुकली की तुमचा दस्त तिथेच अडतो. दस्ताच्या दिवशी मजकूर मराठीत किंवा कोंकणीत समजावून मागा. नुसतं ‘इथे सही करा, ताई’ म्हणाले तर पेन खाली ठेवा.